विण्याचा पहारा

वडवणीला बसस्टँडसमोर माझं साऊंड सर्व्हिसचं दुकान आहे. लग्न असो, सप्ता असो, पुढाऱ्याची सभा असो, भोंगे माझेच वाजायचे. हल्ली माजलगावहून डीजेवाले येतात आणि लोकांना त्यांची लाइटिंग आवडते. आवडो बापडी! त्यांच्या आवाजात शब्द एक कळत नाही, पण आजकाल शब्द ऐकायचेत कुणाला?

दुकानाच्या माडीवर दोन खोल्या आहेत. त्या मी राजनंदिनीला भाड्याने दिल्या, तेव्हा बायको म्हणाली, पोरगी एकटी आहे, पुण्याची नोकरी वडवणीत बसून करते म्हणते, जरा चौकशी करा. मी म्हटलं, चौकशी काय करायची? पिंपळटाक्याच्या शहादेव आणि विमलबाईची लेक. दोघं नवरा-बायको वर्षानुवर्षं ऊसतोडीला जायचे आणि पोरगी मागे गावातल्या हंगामी वसतिगृहात राहायची. तिथूनच शाळा केली, मग बीडला इंजिनिअरिंग, मग पुण्याला नोकरी. पहिली दोन वर्षं झाल्यावर तिने आई-बापाचा कोयता बंद करायला लावला. शहादेवला ते आधी अपमानाचं वाटलं होतं. नंतर बरं वाटायला लागलं, पण तो तसं कबूल करत नाही.

सामान आलं तेव्हा मी जिन्यात उभा राहून बघत होतो. इन्व्हर्टर दोन. इंटरनेट दोन कंपन्यांचं, शिवाय मोबाईलचं तिसरं. शेगड्या दोन, छत्र्या दोन, चष्मेसुद्धा दोन. मला राहवेना. म्हटलं, "नंदे, समदंच दोन-दोन? नवरे बी दोन करनार हायस का?"

ती हसली. "काका, एक बंद पडनारच. कधी पडंल ते आपल्या हातात न्हाई. पडल्यावर काय करायचं, तेवढंच आपल्या हातात हाय."

हे तिचं कायमचं बोलणं. दुसरी पोरं नवीन गाडी घेतली की फुलं वाहतात; हिच्या हातात नवीन वस्तू दिली की ही आधी विचारणार, ही बंद कशी पडेल? मला सुरुवातीला तिचा रागच यायचा. असं कायम अभद्र का बोलायचं?

तिचं काम काय, हे मला समजायला एक अख्खा उन्हाळा लागला. आता मी बाजारात दुसऱ्यांना समजावून सांगतो. समजा, तुम्ही पानटपरीवर फोनवरून पैसे दिले. तेवढ्यात एक निरोप कुठल्या कुठे जातो, तिथलं यंत्र हिशेब बघतं आणि 'झालं' म्हणून उलट सांगतं. टपरीवाला चुना लावेपर्यंत हे सगळं उरकलं पाहिजे. ते यंत्र मध्येच मेलं, तर दुसऱ्याने काम उचललं पाहिजे, आणि टपरीवाल्याला पत्ताही लागता कामा नये. अशी शेकडो यंत्रं वेगवेगळ्या शहरांत ठेवायची, त्यांच्यात कामं वाटून द्यायची, एक पडलं तर कुणी धावायचं ते आधीच ठरवायचं. ही मांडणी ती करते.

मी विचारलं, "अन् हे समदं क्लाऊडमधी? म्हंजी ढगात?"

"ढग कुठला काका! दुसऱ्याचे कॉम्प्युटर हायेत, भाड्यानं घेतलेले. एक जथा मुंबईला, एक हैदराबादला."

म्हणजे माझाच धंदा की! मीही भोंगे भाड्यानेच देतो. फक्त हैदराबादचं नाव ऐकून हसू आलं. निजामाच्या काळात आमच्या आज्या-पणज्यांचा कारभार तिथून चालायचा, आता नातवंडांचाही तिथूनच चालतो.

एकदा भर दुपारी वर काहीतरी खाडकन बंद झालं. मी धावत गेलो, तर ही बाई हातात प्लग घेऊन शांत उभी. स्वतःच उपटला होता. म्हणाली, बंद पडल्यावर दुसरं उचलतं का ते बघतेय. मी चिडलो. चालत्या यंत्राच्या खोड्या कशाला काढायच्या? तर म्हणते, "म्या आज काढल्या न्हाईत, तर पाऊस काढंल." तेव्हा मला वाटलं, पुण्याला राहून पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. पण ती पुणं सोडून कशामुळे आली, हे मला माहीत होतं, म्हणून जिना उतरून खाली आलो.

ते सांगायला हवं. आमची खापरी नदी वर्षातला बराच काळ नुसती वाळू असते. वर डोंगरात एक तलाव आहे. त्याला दरवाजे नाहीत; भरला की सांडव्यावरून पाणी आपोआप सुटतं. गंमत अशी की डोंगरात धो धो पडत असतं आणि खाली पिंपळटाक्यात लख्ख ऊन. खालच्या माणसाला शंकासुद्धा येत नाही. एका पावसाळ्यात विमलबाई नदीपात्रात शेळ्या चारत होत्या. पाणी दोन्ही अंगांनी आलं. बाई एका बाभळीवर चढल्या आणि पाणी उतरेपर्यंत, काटे टोचत, तिथेच बसून राहिल्या. शेळ्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या. काठावर शहादेव नुसता हाका मारत होता. पोरगी तेव्हा पुण्यात, कंपनीच्या मीटिंगमध्ये. तिला संध्याकाळी कळलं. वरच्या वस्तीतल्या लोकांना सांडवा सुटलेला दिसला होता. पण खाली सांगणार कोण आणि कसं?

"काका, जगभराचे निरोप म्या पापणी लवायच्या आत पोचवते," ती मला म्हणाली होती, "अन् माझ्या आईला एक निरोप पोचला न्हाई." नंतर महिन्याभरात ती सामानासकट वडवणीत आली.

कंपनीचं काम सांभाळून तिने खापरीचं काम हाती घेतलं. सांडव्यावर पाणी मोजणारं यंत्र आणि नदीकाठच्या प्रत्येक गावात मंदिरात एक डबा. डब्याला सोलर, बॅटरी आणि भोंगा. भोंगे माझे. मी फुकट दिले, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण बायकोला अजून पटलेलं नाही. पहिल्या खेपेला सगळी मदार मोबाईलच्या टॉवरवर होती. वादळ आलं, टॉवर गेला, डबे मुके झाले. नंदा दोन दिवस जेवली नाही. मग म्हणाली, "ज्या दिवशी पानी येनार, त्याच दिवशी टॉवर जानार. येवढं साधं मला कळलं न्हाई." तिने डब्यांना एकमेकांशी रेडिओवरून बोलायला शिकवलं. आता निरोप मुंबई-हैदराबादवरूनही येतो आणि डब्या-डब्यांतूनही येतो. जी वाट आधी पोचेल ती खरी.

पण खरी अडचण पुढेच होती: खुद्द पिंपळटाक्यात डबा अजून बसला नव्हता; गावाला हे पटवायचं कसं? पिंपळटाक्याच्या मारुतीच्या मंदिरात बैठक बसली. गावचे कारभारी आप्पा. माणूस सरळ, पण त्यांच्या मंदिरात त्यांना न विचारता खिळाही ठोकता येत नाही. ते म्हणाले, "पोरी, तुजा डबा बंद पडला मंग? आमी त्याच्या भरवशावर ऱ्हायचं अन् त्यो गप!"

नंदा म्हणाली, "पडनारच आप्पा. मला सांगा, सप्त्यात विणा खाली ठेवतेत का?"

"न्हाई! सात दिवस विणा भुईला टेकत न्हाई."

हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. अखंड हरिनाम सप्त्यात गळ्यात विणा घेऊन एक जण रात्रंदिवस उभा असतो. पहारे वाटून दिलेले असतात. पुढचा येतो, पाया पडतो, विणा आपल्या गळ्यात घेतो, आणि मगच आधीचा मोकळा होतो.

"अन् पहारेकऱ्याला चक्कर आली तर?"

"शेजारी टाळ धरून उभा आसतो त्यो घेतो."

"त्याला कोन सांगतं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतंय की त्याला!"

"मंग हेच हाय," नंदा म्हणाली. "प्रत्येक डबा शेजारच्याकडं लक्ष ठेवून आसतो. तुमचा डबा गप झाला की पल्याडच्या धामणवाडीचा डबा तुमचा विणा गळ्यात घेनार. तिथं एक जादा भोंगा तुमच्या गावाकडं तोंड करून बसवलाय. तुमचा डबा चालू आसंल तर त्यो बोलनार न्हाई, कावून की दोन भोंगे समोरासमोर वाजले की शब्द कळत न्हाईत. त्रिंबककाकांना इचारा."

मी मान डोलावली. भोंग्याबद्दल या पंचक्रोशीत कुणी माझं नाव घेतलं, की मला फार बरं वाटतं. आप्पांनी दाढी खाजवली. म्हणाले, "बसव."

आता भोंग्यावर बोलायचं काय? आधी सायरन लावला, तर लोक रस्त्यावर येऊन पोलिसांची गाडी शोधायला लागले. मग कॉम्प्युटरचा बाईचा आवाज लावला. तो ऐकून सगळ्यांना मोबाईल कंपनीची जाहिरात वाटली. शेवटी मीच सुचवलं, तुझ्या आईचा आवाज घे. विमलबाईंनी या काठावरून शेळ्यांना हाक मारली की त्या काठावरच्या वळून बघतात. बाई लाजून चूर झाल्या. "माजा आवाज भोंग्यावर? लोक काय म्हनतील?" पण लेकीपुढे चाललं नाही. शेतात उभं करून आम्ही आवाज भरून घेतला: "पानी आलं! नदी सोडा, वर निघा!" बाभळीवर बसून काढलेला तो दिवस त्या आवाजात आपसूक उतरला होता.

गेल्या भाद्रपदात पिंपळटाक्याचा सप्ता होता. डीजे माजलगावचा, त्यामुळे मी नुसता पाहुणा म्हणून काल्याच्या कीर्तनाला गेलो. नंदा कामामुळे वडवणीतच होती. कीर्तनकार बंकट महाराज. गोड गातात, पण कीर्तनात फोन वाजला की आग होतात. मागे एका पुढाऱ्याला मंडपाबाहेर घालवलं होतं. त्यामुळे गावाची शिस्त अशी की काल्याच्या दिवशी झाडून सगळ्यांचे फोन बंद. माझाही बंदच होता.

काला झाला. मंदिराचं आवार लहान, म्हणून पंगत दरवर्षीसारखी नदीत बसली. पात्रातली वाळू झाडून, करंजाच्या सावलीपासून पार मध्यापर्यंत रांगा. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी. आकाशात बोटभरही ढग नाही. माझ्यासमोरच्या रांगेत विमलबाई होत्या, पलीकडे आप्पा. महाराजांच्या पानावर दुसऱ्यांदा बुंदी पडली असेल, इतक्यात नदीच्या पल्याडून आवाज आला.

"पानी आलं! नदी सोडा, वर निघा!"

पहिल्यांदा लोक हसले. हसणारच. एका बाईने विमलबाईंना कोपर मारलं, "आगं, तू हितं बुंदी खायलीस अन् तुजा आवाज धामणवाडीत!" दुसरा म्हणाला, "त्ये लोक मुद्दाम करायलेत बे, आपला काला खराब करायला." आणि आमच्याकडे पंगतीचा एक नियम आहे: सगळ्यांचं उरकल्याशिवाय पानावरून उठायचं नाही. अन्नाचा अपमान आणि शेजाऱ्याचाही. तेव्हा आवाज येतोय, कानात शिरतोय, पण शेकडो माणसांपैकी एक उठत नाही. मी स्वतः हातात पुरी धरून बसलो होतो, हे खरं आहे.

आप्पांनी हात वर केला. "बसा, बसा. काय असंल तर आपला डबा बोलला आसता की. आपला डबा गप..."

आणि ते थांबले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. घास तसाच तोंडात.

"डबा म्या बंद केलाय," ते म्हणाले. आधी स्वतःशी, मग मोठ्याने. "सकाळीच बंद केला! कीर्तनात मधीच बोलला आसता तर महाराजांचा अवमान झाला आसता, म्हनून म्याच बटन बंद केलं. म्हनूनच धामणवाडीचा बोलतोय! पानी आलंय!"

पण पंगतीत हसणं-बोलणं चालूच होतं. मागच्या रांगांपर्यंत काहीच पोचलं नाही. तेव्हा विमलबाई उठल्या. भरल्या पानावरून, सगळ्यांच्या आधी, पदर खोचून. भोंग्यावर आवाज भरताना लाजलेली हीच बाई वाळूत उभी राहिली आणि तिने शेळ्यांना मारायची ती हाक मारली. "पानी आलं! नदी सोडा! उठा की, काय बघताय!" पल्याडून भोंगा, अल्याडून बाई. तोच आवाज, दोन्ही काठांनी. मग कुणाचंच हसू उरलं नाही. महाराज स्वतः पान सोडून उठले आणि त्यांनी एका म्हातारीला हात दिला. महाराज उठलेले दिसल्यावर पंगतीचा नियम संपला. सगळी नदी उठली.

मंदिराच्या पायऱ्यांवर चढून आम्ही मागे बघितलं तेव्हा वळणावर पाणी दिसलं. लाल, फेसाळ, पुढे काटक्या-कुटक्या ढकलत. सतरंज्या गेल्या, पत्रावळी गेल्या, बुंदीची परात गोल फिरत गेली. माणूस एक गेलं नाही. बाया रडत होत्या, पुरुष मोजत होते, पुन्हा मोजत होते. मंदिरात विण्याचा पहारा शहादेवकडे होता. विणा उतरवायचा विधी अजून व्हायचा होता, म्हणून तो गळ्यात विणा घेऊन दारात उभा होता आणि बायकोकडे बघून ढसाढसा रडत होता. हात विण्यावर असल्यामुळे त्याला डोळे पुसता येत नव्हते.

लोकांनी फोन चालू केले तसा एकच गलका झाला. प्रत्येकाच्या फोनवर नंदाचा निरोप येऊन पडलेला. माझ्याकडे तिचे इतके कॉल की मोजले नाहीत. पिंपळटाक्याचा डबा सकाळपासून गप आहे आणि धामणवाडीने काम घेतलं आहे, हे तिला स्क्रीनवर दिसलं होतं. असे डबे अधूनमधून गप होतातच, म्हणून तिने फक्त आप्पांना फोन लावला होता; तो बंद. पण सांडवा सुटल्याचं दिसलं तेव्हा तिला एकच गोष्ट आठवली, आई पंगतीत आहे. निरोप धामणवाडीच्या भोंग्यात पोचल्याचं यंत्र सांगत होतं. तो माणसांच्या कानात शिरला की नाही, हे कुठलं यंत्र सांगणार?

ती स्कूटीवरून आली, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. आप्पा हात जोडून तिच्यासमोर आले. "पोरी, म्या चुकलो. तुजा पहारा म्या मोडला."

तिने त्यांचे हात धरून खाली केले. "कुनीतरी बंद करनारच आप्पा. ते धरूनच केलंय समदं. तुमी मोडला न्हाई. धामणवाडीनं घेतला, मंग आईनं घेतला." मग म्हणाली, "आईचं मात्र माझ्या मांडणीत नव्हतं."

त्याच संध्याकाळी आप्पांनी पुढच्या वर्षापासून सप्त्याच्या पहाऱ्यात एक माणूस डब्यापाशी बसवायचा असा ठराव करून टाकला. पहिलं नाव स्वतःचं दिलं. आणि भोंग्याचं काम पुन्हा माझ्याकडे आलं, पण तो विषय वेगळा.

विमलबाई पायरीवर बसल्या होत्या. आवाज पार बसला होता. नंदा त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या मांडीत डोकं घातलं आणि हमसून हमसून रडायला लागली. दोन-दोन शहरांची यंत्रं थंड डोक्याने बंद पाडणारी पोरगी ती! मला बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आगं नंदे, तूच म्हनतीस ना, कायतरी बंद पडनारच? समदं तर बरोबर झालं, मंग आता कावून रडायलीस?"

तिने डोकं वर केलं. "समदं दोन-दोन ठेवते म्या, काका," ती म्हणाली. "आई एकच हाय."

विमलबाईंनी तिच्या केसांतली धूळ झटकली आणि बसलेल्या आवाजात म्हणाल्या, "ऊठ आता. माजं पान वाहून गेलंय, उपाशी हाय म्या. दोगी मिळून जेऊ."